नवे खेकडे, कोळंबी, तारामासा टाकीत सोडताना नेमकं काय चुकतं? (नागपूर, खाऱ्या पाण्याची टाकी)

खारंपाणी_मानेवाडा | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. हा धागा जड मनाने काढतोय.

चार महिन्यांपूर्वी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी सुरू केली. दगड, वाळू, दोन क्लाउनफिश. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास, म्हणजे पाणी चांगलं. काचेवर हिरवं शेवाळ धरायला लागलं म्हणून शुक्रवारी मुंबईहून सफाईची मंडळी मागवली: सहा निळ्या पायांचे हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात राहतात ते), एक एमराल्ड क्रॅब, दोन क्लीनर श्रिम्प (कोळंबी), आठ टर्बो गोगलगायी, आणि लेकीने हट्ट धरला म्हणून एक लाल तारामासा. खोकं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलं. पिशव्या बांधल्यापासून उघडेपर्यंत सगळे मिळून १८ तास.

पिशव्या अर्धा तास टाकीत तरंगवल्या, मग दर पाच मिनिटांनी एकेक वाटी टाकीचं पाणी, असं तीनदा. पाऊण तासात सगळे आत. मासे आणले तेव्हा हेच केलं होतं आणि मासे ठणठणीत आहेत.

शुक्रवारी रात्रीच दोन्ही श्रिम्प आडवे पडून पाय झाडत होते. एक सावरला, दुसरा शनिवारी सकाळी गेला. आज दोन हर्मिट शंखाबाहेर पडलेले दिसले. तारामाशाच्या एका भुजेचं टोक पांढरं पडून लिबलिबीत झालंय. गोगलगायी मात्र काचेवर चालतायत, एमराल्ड दगडाखाली आहे. लेक सारखी टाकीपाशी जाऊन उभी राहते, तिला काय सांगावं समजत नाही.

तापमान २६, पिशवीचं आणि टाकीचं सारखंच होतं. पाऊण तास कमी पडला का? दोन तास ठेवायला हवे होते का?

---

सदर_रीफ | रविवार, रात्री १०:५०

दादा, वाईट वाटलं वाचून. घड्याळाचं आपण नंतर बघू. आधी एक सांगा, पिशवीतल्या पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, मोजली होती का? आणि टाकीची कशाने मोजता?

दुसरं, शंखाबाहेर पडलेले हर्मिट फेकू नका. चमच्याने उचला आणि उजेडासमोर धरा. मेलेला खेकडा जड असतो, मऊ असतो आणि त्याला घाण वास येतो. कात असेल तर ती पोकळ असते, आरपार दिसते, डोळ्यांच्या दांड्यासकट अख्खा खेकडा वाटतो पण आत काही नसतं. पाणी बदललं की खेकडे आणि कोळंबी बऱ्याचदा कात टाकतात.

---

खारंपाणी_मानेवाडा | रविवार, रात्री ११:३५

एक मेलेला निघाला. दुसरा, तुम्ही म्हणालात तसा ट्यूबलाइटसमोर धरला आणि अंगावर काटा आला. पायांच्या नळ्या रिकाम्या, पाठीकडे फट, नखांएवढ्या नांग्या काचेसारख्या. मग दगडामागे टॉर्च मारला तर शंखात दोन निळे पाय हलताना दिसले. म्हणजे पाच जिवंत आहेत! लेकीला झोपेतून उठवून दाखवलं.

पिशवीचं पाणी मोजलं नव्हतं. पण हर्मिटची पिशवी गाठ मारून गॅलरीत ठेवली होती, त्यात थोडं पाणी आहे. काटा हलतो त्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरने (घनता दाखवतो; आकडा जास्त म्हणजे पाणी जास्त खारट) आत्ताच मोजलं. पिशवी १.०२०, टाकी १.०२४. फरक फार नाही ना?

---

सदर_रीफ | सोमवार, सकाळी ७:१०

त्या हायड्रोमीटरवर विसंबू नका. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा वर जातो, आणि मीठ साचलं की उलटा घोटाळा. संध्याकाळी ऑफिसवरून येताना सदरला या, माझा रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवतो) घेऊन जा. पिशवीचं पाणी झाकणाच्या बाटलीत भरून आणा.

आणि रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य दाखवला म्हणजे बरोबर झाला, असं समजू नका. समुद्राच्या आकड्यापाशी तपासावा लागतो. मी ३६.५ ग्रॅम कोरडं साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी असं वजन करून एक किलो द्रावण ठेवलंय. नुसत्या मिठाचं हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर किलोमागे ३५ ग्रॅम क्षारांच्या समुद्राच्या पाण्यासारखं वाचलं जातं. सराफाकडे असतो तसला छोटा वजनकाटा घेतला की झालं.

---

खारंपाणी_मानेवाडा | सोमवार, रात्री ९:२०

सदर_रीफ, तुमचे आभार कसे मानू. आकडे बदलले.

पिशवी १.०१९. टाकी १.०२७.

म्हणजे फरक ०.००४ नव्हता, दुप्पट होता. टाकीतलं पाणी उडतं तेवढं रोज भरतो, पण भरताना हायड्रोमीटरच्या आकड्यावर चाललो होतो, त्यामुळे हळूहळू खारटपणा वर चढलेला कळलाच नाही.

तारामासा आज संध्याकाळी गेला. एक भुजा पूर्ण विरघळली होती.

---

सदर_रीफ | सोमवार, रात्री १०:०५

आता मासे वाचले आणि हे का गेले, ते सांगतो. हे कळलं की बाकी सगळं आपोआप सुचतं.

माशाच्या अंगातलं पाणी समुद्रापेक्षा बरंच कमी खारट असतं, आणि ते तसंच राखायला त्याच्याकडे कल्ले आणि मूत्रपिंड आहे. बाहेरचा खारटपणा थोडा बदलला तर तो आतला हिशोब सांभाळतो. दुकानदार १.०१८–१.०२० वर मासे ठेवतात ते याच जोरावर. मीठही कमी लागतं, काही परजीवीही दबून राहतात.

कोळंबी, गोगलगाय, तारामासा, अर्चिन (काट्यांचा गोल समुद्री जीव) यांचं तसं नाही. बाहेर जेवढं खारट, जवळपास तेवढंच आत. तारामाशाच्या पाठीवर एक चाळणीसारखी बारीक चकती असते, तिच्यातून समुद्राचं पाणी अंगातल्या नळ्यांत येतं आणि त्याच पाण्याच्या दाबावर त्याचे शेकडो पाय हलतात. त्याचं अंग म्हणजे समुद्रच. किलोमागे २५ ग्रॅम मिठाच्या पाण्यातून त्याला एकदम ३६ ग्रॅमच्या पाण्यात ठेवलं तर पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. तो त्या क्षणी मरत नाही. दोन-तीन दिवसांनी, कधी आठवड्याने भुजेच्या टोकापासून विरघळायला लागतो. आपण तोवर अन्नाला, प्रकाशाला, नायट्रेटला दोष देत बसतो.

हर्मिट त्यातल्या त्यात चिवट. भरती-ओहोटीच्या खडकांवर राहणाऱ्या जातींना ऊन-पाऊस दोन्हीची सवय असते. श्रिम्प नाजूक, तारामासा सगळ्यात नाजूक. तुमच्याकडे नुकसान नेमकं त्याच प्रमाणात झालं: सहातला एक हर्मिट, दोनातला एक श्रिम्प आणि एकुलता तारामासा.

एक स्पष्ट बोलतो. लाल-निळे लिंकिया जातीचे तारामासे चार महिन्यांच्या टाकीत आणूच नयेत. पाणी नीट जुळवलं तरी पुढे उपासमारीने जातात, दगडावरचा जुना थर त्यांना लागतो. लेकीला ब्रिटल स्टार (तारामाशाचाच भाऊबंद, बारीक लांब भुजांचा) आणून द्या, तो उरलंसुरलं खाऊन राहतो.

---

काटोलकर | सोमवार, रात्री १०:४०

भाऊ, मी संत्र्याच्या बागेतला माणूस, ठिबक काय असते ते मले सांगायची गरज नाही. झाडाले एका दमात पाणी दिलं का मुळं सडते, थेंब थेंब दिलं का झाड धरते. या जनावरांचंबी तसंच हाये.

टाकीचं पाणी पिशवीत थेंब थेंब सोडाले मेडिकल चौकातून सलाईनचा नवा सेट घ्या. एअरपंपाच्या नळीले गाठ मारून वेग जमवता जमवता जीव जाते, या सेटले चाकाचा क्लॅम्प असते आणि थेंब दिसते. सुई काढून टाकायची. पाकिटावर २० थेंब म्हणजे १ मिली असं छापलं असते. सेकंदाले २ थेंब म्हणजे तासाले ३६० मिली, ४ थेंब म्हणजे ७२० मिली. हिशोब डोळ्यासमोर.

तुमच्या पिशवीत अर्धा लिटर १.०१९ चं पाणी होतं ना? त्यात अर्धा लिटर टाकीचं पडलं का १.०२३. अर्धं ओतून टाका, पुन्हा अर्धा लिटर पडू द्या, १.०२५. पुन्हा तेच, १.०२६. दरवेळी फरक निम्मा होते. तुमच्या तीन वाट्यांनं काहून काम झालं नाही ते आता दिसते. पाणी जुळलंच नव्हतं, भाऊ.

---

समुद्रवेडी | मंगळवार, सकाळी ८:३०

काटोलकर काकांचा हिशोब अगदी बरोबर आहे. पण १८ तास बांधलेल्या पिशवीवर तीन तास ठिबक लावायला माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलाय.

बंद पिशवीत प्राणी श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच खाली जातो. त्याच पाण्यात त्याच्या अंगातून निघालेला अमोनिया. पीएच कमी असतो तोवर हा अमोनिया बहुतेक अमोनियमच्या रूपात राहतो, ते फारसं विषारी नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, शिवाय आपण वरून ८.२ पीएचचं पाणी सोडतो. पीएच १ ने चढला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणजे आपण मायेने थेंब थेंब सोडत असतो आणि आत त्याचे कल्ले भाजत असतात.

दोन वर्षांपूर्वी चार पेपरमिंट श्रिम्प असेच घालवले. तीन तास ठिबक, मी शेजारी स्टूल टाकून बसलेली. दुसऱ्या तासाला एकाने उडी मारली, मग सगळेच तडफडायला लागले. पिशवीच्या पाण्याची अमोनिया टेस्ट केली तर नळी गडद हिरवी.

---

सदर_रीफ | मंगळवार, सकाळी ९:१५

ताई, मान्य. पण म्हणून ठिबक सोडून थेट टाकीत घालायचं का? मग खारटपणाच्या झटक्याचं काय? दोन्हीकडून मरण आहे.

---

समुद्रवेडी | मंगळवार, दुपारी १:४५

थेट टाकीत नाही. दोन धोके वेगळे करायचे. ते चार श्रिम्प गेले तेव्हापासून मी हे करते, आणि गेल्या दोन वर्षांत श्रिम्प गेलेला नाही.

माल निघायच्या आधी विक्रेत्याला फोन करून विचारायचं, "तुमच्या टाकीची सॅलिनिटी किती?" सांगतात. समजा १.०१९ सांगितली. आपण आदल्या रात्री एका झाकणाच्या डब्यात तीन-चार लिटर ताजं खारं पाणी १.०१९ चं बनवायचं, त्यात एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा), तापमान २५-२६. पिशवी आली की न उघडता तरंगवून तापमान जुळवायचं. मग पिशवी फोडून लगेच मोजायचं, कारण फोनवरचा आकडा कधी कधी चुकतो. फरक निघाला तर डब्यातलं पाणी तिथल्या तिथे आरओने किंवा खाऱ्या पाण्याने जुळवायचं, पाच मिनिटांचं काम. मग प्राणी सरळ डब्यात. पिशवीचं पाणी सगळं फेकून द्यायचं, एक थेंब टाकीत जाऊ द्यायचा नाही. अमोनियाचा विषय इथे संपला.

आता डब्यात पाणी स्वच्छ आहे, हवा चालू आहे, कुणाला घाई नाही. इथून काकांचा सलाईन सेट लावा. हर्मिट आणि गोगलगायींना तास-दीड तास, श्रिम्पना दोन तास, तारामासा-अर्चिनला तीन-चार तास. पण थांबायचं ते घड्याळ बघून नाही. डब्याचा आकडा टाकीच्या आकड्याला भिडला की थांबायचं.

उचलायची पद्धतही प्रत्येकाची वेगळी. खेकडे हाताने चालतात. श्रिम्पच्या मिशा जाळीत अडकून तुटतात, म्हणून वाटी बुडवून पाण्यासकट घ्या. तारामासा, अर्चिन आणि स्पंज तर हवेत काढायचेच नाहीत, आत हवा अडकली की त्यांना बाहेर काढता येत नाही. गोगलगाय पायावर ठेवा, उलटी टाकू नका. काही जातींना सुलट होता येत नाही आणि खेकडे टपलेलेच असतात.

---

काटोलकर | मंगळवार, दुपारी २:२०

ताई, पटलं. फोन करून आधी आकडा विचारायचा, हे मले कधी सुचलंच नव्हतं. मी सेट लावत होतो ते पिशवीच्याच पाण्यात.

---

वर्धमाननगर_रीफर | मंगळवार, रात्री ९:००

याच धाग्यात विचारतो. माझी सॅलिनिटी १.०२५, पिशवी १.०२४, दीड तास ठिबक. तरी गोगलगायी दोन दिवसांत काचेवरून खाली पडतात, पाय बाहेर काढून निपचित. तिसरी खेप आहे. मासे एकदम छान.

---

सदर_रीफ | मंगळवार, रात्री ९:२५

मासे छान आणि गोगलगायी मरतात, म्हटलं की मला आधी तांबं आठवतं. टाकी किंवा दगड जुने घेतलेत का? त्यात कुणी तांब्याचं औषध वापरलं होतं का? माशांवरच्या उपचारात लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलीग्रॅम तांबं ठेवतात. मासे ते सोसतात, बिनकण्याचे प्राणी नाही. दगड आणि वाळू ते शोषून ठेवतात आणि पुढे सोडत राहतात. पाणी कुठलं वापरता?

---

वर्धमाननगर_रीफर | मंगळवार, रात्री ९:५०

सगळं नवीन घेतलंय, औषध कधीच नाही. पाणी घरच्या आरओचं, तेही चांगल्यातला. पाण्यात तांबं सोडणारा, आरोग्याला चांगलं म्हणून आईने मुद्दाम

लिहितानाच लक्षात आलं.

---

समुद्रवेडी | मंगळवार, रात्री १०:१०

हो. तेच आहे. आणि कृपा करून हे सगळ्यांनी वाचा, कारण आपल्या घरात हे दोन ठिकाणी दडलेलं असतं: तांब्याची कांडी असलेला आरओ, आणि पाणी भरून ठेवायचं तांब्याचं पिंप किंवा हंडा. माणसाला चालतं, गोगलगायीसाठी विष. पाणी उडतं, तांबं उडत नाही. रोज त्याच पाण्याने टाकी भरली की ते साठत जातं. पाइपलाइनमध्ये पितळी कॉक असेल तर तोही बदला.

शिवाय घरच्या आरओत चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मिसळणारा स्क्रू असतो. टीडीएस मीटरवर (पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवतो तो) ६०-७० येत असेल तर तो स्क्रू उघडा आहे. टाकीसाठी वेगळा साधा आरओ आणि पुढे उरलेले क्षार काढणारी डीआयची नळी लावा, मीटरवर ० यायला हवा.

आता पाणी बदलत राहा, दर आठवड्याला पाव टाकी, सोबत चांगला कार्बन आणि तांबं ओढणारं रेझिन. तोवर नवी गोगलगाय आणू नका. नंतर एकच आणा, पंधरा दिवस बघा.

---

धरमपेठ_नवखी | बुधवार, दुपारी १२:०५

मध्येच विचारते. कोकणातून येताना रंगवलेल्या शंखातले दोन खेकडे आणले. खाऱ्या टाकीत सोडले तर सतत फिल्टरच्या पाइपवर चढून बाहेर यायला बघतात. पाणी जुळायला किती दिवस लागतात?

---

सदर_रीफ | बुधवार, दुपारी १२:२०

ताई, आत्ताच्या आत्ता बाहेर काढा! ते जमिनीवरचे हर्मिट आहेत. ते हवेत श्वास घेतात, बुडवून ठेवले तर गुदमरून मरतात. किती दिवस ठेवले तरी सवय होणार नाही. झाकण असलेल्या पेटीत ओलसर वाळू जाड थरात, एक वाटी खारं पाणी, एक वाटी क्लोरीन काढलेलं गोडं पाणी, आणि बदलायला मोठे, न रंगवलेले शंख. आपली हवा कोरडी, पेटीत दमटपणा टिकवा.

---

धरमपेठ_नवखी | बुधवार, दुपारी १२:४०

काढले. दोघेही हलतायत. देवाची कृपा. धन्यवाद.

---

समुद्रवेडी | बुधवार, रात्री ८:५५

कोकणचा विषय निघालाच आहे तर, किनाऱ्यावरून समुद्री काकडी किंवा प्रवाळाचा तुकडा कुणी उचलून आणू नका. २००१ पासून दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत.

आणि नागपूरच्या हवेबद्दल, मला वाटतं याचा उल्लेख कुठेच होत नाही. डिसेंबरात मी ठिबक लावली तेव्हा डबा फरशीवर होता. रात्री खोलीत १७-१८. तासाला ३६० मिली पाणी त्या बारीक नळीतून येताना थंड होतं, डब्यातलं आणखी थंड. सॅलिनिटी अगदी जुळवली आणि प्राणी १९ अंशांतून एकदम २६ मध्ये टाकला! डबा सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या छोट्या टाकीत) उभा ठेवला, अर्धा पाण्यात, तर हा प्रश्नच उरत नाही.

उन्हाळ्यात उलटं वाटेल, पण कूलरसमोर डबा ठेवला तरी पाणी थंडच होतं, आणि टाकीतून रोज कितीतरी जास्त पाणी उडतं. नवतपात (मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत) तर मी सकाळ-संध्याकाळ दोनदा आरओचं पाणी भरते. त्या दिवसांत काहीही मागवत नाही. खोकं दुपारी दोन तास कुठल्या गोदामाबाहेर उन्हात राहिलं तर इकडे आपण काहीही करून उपयोग नाही.

---

खारंपाणी_मानेवाडा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:३०

सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत म्हणून परत कळवतोय.

आधी टाकी दुरुस्त केली. रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच आरओचं घालत आठ दिवसांत १.०२७ वरून १.०२६ वर आणली. स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर घेतला, मिठाचं द्रावण सदर_रीफ यांच्या मापाने बनवलं. आईकडचं पिंपही तपासलं, ते स्टीलचं निघालं.

गेल्या शनिवारी एक क्लीनर श्रिम्प आणि एक ब्रिटल स्टार मागवला. विक्रेत्याने फोनवर १.०२१ सांगितलं, पिशवीत १.०२० निघालं. डब्याचं पाणी जुळवून दोघांना सरळ डब्यात सोडलं, डबा सम्पमध्ये. सलाईन सेट सेकंदाला २ थेंबांवर, लेक शेजारी वही घेऊन बसली, दर अर्ध्या तासाने आकडा लिहायची: १.०२०, १.०२१, मग बराच वेळ १.०२१ च. डबा तीन लिटरचा आणि ठिबक तासाला ३६० मिली, एवढ्याने काय होणार! काकांचा हिशोब आठवला, डब्यातलं पाणी वाटीने दीड लिटरवर आणलं आणि ४ थेंब केले. त्यानंतर साडेतीन तासांनी आकडा १.०२५ वर, टाकीला जवळपास भिडला, तेव्हा दिवे बंद करून दोघांना वाटीसकट पाण्याखाली नेऊन सोडलं.

आज आठवा दिवस. ब्रिटल स्टार दगडाच्या फटीत आहे, रात्री भुजा बाहेर काढतो. श्रिम्पने काल कात टाकली, लेकीने स्वतः उजेडासमोर धरून सांगितलं, "बाबा, रिकामी आहे." जुना श्रिम्प आणि नवा एकाच कपारीत राहतात. पाचही हर्मिट आहेत, एकाने मोठा शंख घेतला.

एक शंका: पुढच्या वेळी डबा सुरुवातीपासूनच दीड लिटरचा ठेवू का?

---

समुद्रवेडी | रविवार, संध्याकाळी ७:१०

खूप आनंद झाला! तीन-चार लिटर मी सांगितलं ते माझ्याकडे एकदम आठ-दहा प्राणी येतात म्हणून. एका-दोघांसाठी दीड लिटर पुष्कळ, फक्त एअरस्टोन मंद ठेवा. लेकीची वही जपून ठेवा.

---

काटोलकर | रविवार, संध्याकाळी ७:३०

पोरीले शाबासकी सांगा. आणि भाऊ, सेट धुऊन वाळवून ठेवा, मीठ साचलं का क्लॅम्प जाम होते.

---

खारंपाणी_मानेवाडा | रविवार, संध्याकाळी ७:४५

धुतला, काका. दोन सेट जास्तीचे आणलेत. मानेवाड्याकडे कुणाला हवा असेल तर निरोप टाका, घेऊन जा.